हसतील त्यांचे दात दिसतील

काल हळदीकुंकवाला तू तिळाचा लाडू हातात घेतलास, "गोड बोला" म्हणालीस आणि हळूच पर्समध्ये टाकलास. बाकीच्यांनी तिथेच कडाकडा चावून संपवले. फोटोच्या वेळी तू मागच्या रांगेत सरकलीस. कुणीतरी विनोद केला, सगळ्या खिदळल्या, आणि तुझा डावा हात आपोआप तोंडासमोर आला. अगं, तो हात मी ओळखते. माझाही हात दीड वर्ष तसाच वर जायचा.

म्हणून तर सगळ्या गेल्यावर तुला थांबवलं, चहा टाकला आणि माझी कवळी काढून बशीत ठेवली. तू बघतच राहिलीस. नऊ वर्षं आपली भिशी चालू आहे, तुझ्यासकट एकीलाही पत्ता नाही. तेवढ्यात तुझ्या नवऱ्याचा फोन आला, खाली गाडी लावून उभा होता. इथे बहारीनच्या जुफैरमध्ये संध्याकाळी गाडीला जागा मिळणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, त्या बिचाऱ्याला तरी किती ताटकळवणार! बोलणं अर्धवट राहिलं. ते आता लिहून पाठवते. निवांत वाच.

आधी तुझ्या मनातला प्रश्न. "ताई, माझं वय काय, आणि कवळी?" तू हे बोलली नाहीस, पण चेहऱ्यावर होतं. आपल्या डोक्यात कवळी म्हणजे आजीच्या उशाशी पाण्याच्या पेल्यात हसणारे दात. माझी आजी मिसरी लावायची, पन्नाशीत तिचं बोळकं झालं, मग कवळी आली ती पूर्ण, वरची आणि खालची. आपलं तसं नाही. दोन-चार दात गेलेत, बाकीचे जागेवर आहेत. उरलेल्या दातांना आकड्यांनी धरून बसणारी ही अर्धी कवळी. दंतवैद्य हिला पार्शल म्हणतात. ती म्हातारपणी लागते असं नाही, दात गेला की लागते. दात जायला वय लागत नाही, हे तुला आणि मला वेगळं सांगायला नको.

आता आपले दात का गेले? आखातात राहणाऱ्या आपल्या बायकांचा एक खास रोग आहे, त्याचं नाव "सुट्टीत बघू". इथे डॉक्टर महाग, कंपनीच्या विम्यात दात बसत नाहीत, म्हणून दुखरी दाढ लवंगेचं तेल लावून जुलैपर्यंत ढकलायची. जुलैत गावी गेलो की लग्नं, सासर, माहेर, बँक, आधार कार्ड. दाढ राहते. जे काम नुसत्या सिमेंटवर भागलं असतं ते रूट कॅनलवर जातं, आणि पुढच्या वर्षी "काढावी लागेल". माझे असेच चार गेले. वर डावीकडे सुळ्यामागचे तीन, उजवीकडचा एक. दोष कुणाचाच नाही, माझ्या चालढकलीचा.

आणि ते "एका बाळामागे एक दात" डोक्यातून काढून टाक. तुझ्या खालच्या दाढा दुसऱ्या बाळंतपणानंतर गेल्या म्हणून सासूबाई तसं म्हणाल्या असतील, आमच्याही म्हणायच्या. पोटातलं बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेत नाही. त्या महिन्यांत हिरड्या सुजतात, रक्त येतं, उलट्यांचं आम्ल दातांवर येतं, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकलं जातं आणि ब्रश करायचा तर मळमळतं. दात जातो तो या सगळ्यामुळे. हे कळलं असतं तर तेव्हाच दाखवलं असतंस. असो. आणि हो, तुझी साखर कधी तपासलीस? हिरड्या वरचेवर सुजत असतील तर तपासून घे. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. दोघं एकमेकांना सामील.

तू म्हणालीस, समोरचा गेलेला दात दिसतो म्हणून त्याचं काहीतरी करायचं आहे, खालच्या दोन दाढा काय, त्या कुणाला दिसतात. इथेच मी फसले होते. मोकळी जागा मोकळी राहत नाही गं. शेजारचा दात त्या खिंडारात हळूहळू कलतो. समोरच्या जबड्यातल्या दाताला चावायला जोडीदार उरत नाही, तो खाली उतरायला लागतो. जिथून दात काढला तिथलं हाड झिजतं, आणि पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. मग आपण नकळत एकाच बाजूने चावायला लागतो आणि त्या बाजूचे दात दुप्पट राबतात. आरशात काही दिसत नाही. दिसेल तेव्हा गालाला खळगा पडलेला असतो आणि कवळी बसवायला सरळ जागा राहिलेली नसते.

माझी पहिली कवळी कशी झाली ते सांगते, म्हणजे तू तेच करणार नाहीस. सुट्टीचे अठरा दिवस, त्यातले चार उरलेले. गावातल्या एका दवाखान्यात गेले. सोमवारी माप, गुरुवारी कवळी हातात, शुक्रवारी विमान. गुलाबी प्लास्टिकची पट्टी, चार दात, दोन तारा. आरशात बघितलं तर मी परत मी! विमानतळावर सगळ्यांशी दात दाखवून हसले. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी टाळूला डावीकडे फोड आला. आठवड्याने पोळी चावताना कवळी डुगडुगायला लागली. आता जाऊ कुणाकडे? करणारा तिकडे, मी इकडे. इथल्या डॉक्टरांकडे जायची लाज वाटली की दुसऱ्याचं काम घेऊन कसं जायचं. कानशीने स्वतःच घासायचा प्रयत्न केला. त्याचा ओरखडा अजून आहे तिच्यावर; ती कवळी मी ठेवली आहे. मग ड्रॉवर. आठ महिन्यांनी एका लग्नासाठी बाहेर काढली तर बसेचना. तेवढ्यात मागची दाढ पुढे कलली होती.

तेव्हा पहिली गोष्ट, कवळी जिथे राहतेस तिथे कर. तिचं खरं काम हातात पडल्यावर सुरू होतं. शिंप्याकडून ब्लाउज आणतो तेव्हा एकदा तरी परत जातोच ना? इथे दोनदा, तीनदा जावं लागतं, आणि ते सगळं पहिल्या महिन्यात. भारतातच करायची असेल तर पंधरा दिवसांत कोंबू नकोस, दीड-दोन महिने राहणार असशील तरच कर. मुंबईत राहणार असशील तर नायरचं दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. गर्दी असते, विद्यार्थी काम करतात, त्यांच्यावर शिकवणाऱ्यांची नजर असते, खर्च कमी. पण तिथे वेळ द्यावा लागतो, आणि आपल्याकडे सुट्टीत नेमका तोच नसतो.

तुझा नवरा इम्प्लांट म्हणतोय. चांगलंच म्हणतोय. हाडात स्क्रू बसतो, त्यावर दात बसतो, काढा-घाला काही नाही. जमत असेल तर जरूर कर, मी काही कवळीची एजंट नाही. पण तुला डॉक्टरांनी सांगितलंय ना की पडल्यामुळे पुढचं हाड दुखावलंय, आधी हाडाची भर घालावी लागेल, मग थांबायचं, मग स्क्रू, मग पुन्हा काही महिने थांबायचं. तोवर पुढची खिडकी उघडी ठेवून हिंडणार? दुसरा पर्याय ब्रिजचा. तो शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसतो आणि त्यासाठी ते दोन दात सगळीकडून कापून बारीक करावे लागतात. आधीच किडलेले, टोपी बसवायला झालेले असतील तर ठीक. तुझ्या वयाचे धडधाकट दात कापताना माझा जीव तरी झाला नसता. खाली मागे तर ब्रिजचा प्रश्नच येत नाही, कारण शेवटच्या दोन्ही दाढा गेल्यात. पुलाला दुसरा काठ हवा ना.

या काठावरून आठवलं. आमचे हे बांधकामातले, तुला माहीत आहे. मला ही भानगड त्यांनीच समजावली. आपलं अर्धं जुफैर समुद्रात भर टाकून केलेलं. अशा भरावावर इमारत नुसती टेकवली तर ती कमीजास्त बसते, भिंतीला तडे जातात, म्हणून खांब खाली कठीण थरापर्यंत नेतात. कवळीचंही तसंच. हिरडी म्हणजे भराव. दात म्हणजे खडक. दात चावताना केसाएवढा दबतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. माझ्या पहिल्या कवळीला खडकाचा आधारच नव्हता, सगळा भार हिरडीवर, म्हणून ती खाली खाली रुतत गेली. चांगल्या कवळीला छोटे धातूचे पाय असतात, ते शेजारच्या दातांच्या माथ्यावर टेकतात. डॉक्टर त्यासाठी दातावर तांदळाच्या दाण्याएवढी खाच करतात. घाबरू नकोस, दुखत नाही, आणि ब्रिजसाठी कापतात त्याच्या पासंगालाही नाही. त्या खाचेशिवाय कुणी "मापं घेऊ आणि देऊ" म्हणालं तर पर्स उचल आणि बाहेर पड.

माझ्या कवळीच्या दोन्ही टोकांना दात उभे आहेत, म्हणून माझं सोपं होतं. तुझ्या खालच्या कवळीला मागच्या बाजूला दातच नाही. पुढून खडक, मागून भराव. असल्या कवळीला थोडी डुगडुग राहते, ती आधीच मनात धरून ठेव. तुझ्या कागदावर डॉक्टर "केनेडी" असं काहीतरी लिहितील. ते औषध नव्हे. एडवर्ड केनेडी नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ साली मोकळ्या जागा कुठे आहेत त्यावरून चार वर्ग पाडले, तेच अजून चालतात. तुझा खालचा दुसरा वर्ग: एकाच बाजूचं टोक उघडं. आणि तू विचारशील की उजवीकडच्या दोन दाढांसाठी डावीकडे पट्टी कशाला नेतात, मीही विचारलं असतं. ती पुढच्या दातांच्या मागून, जिभेखालून पलीकडे जाते आणि तिकडच्या दातांना धरते, म्हणून कवळी उलटत नाही. शिवाय एवढीशी एका बाजूची कवळी सुटली तर घशात जाऊ शकते. त्याचं पुढे सांगते.

साधी प्लास्टिकची, लवचीक आणि धातूच्या सांगाड्याची, असे तीन प्रकार तुझ्यासमोर ठेवतील. लवचीकची जाहिरात जोरात असते: तार दिसत नाही, गुलाबी आकडे हिरडीत मिसळून जातात, पडली तरी मोडत नाही. खरं आहे सगळं. पण तिला ते धातूचे पाय नसतात, सगळा भार पुन्हा हिरडीवर, आणि हाड झिजून ढिली झाली की तिच्यात भर घालणं अवघड, एखादा दात वाढवायचा तरी कटकट. मला ती चावायला फारशी पटत नाही. प्लास्टिकची स्वस्त, दुरुस्तीला सोपी, थोड्या दिवसांसाठी उत्तम. धातूची कोबाल्ट-क्रोमची असते, पातळ पण दणकट, टाळूवर कमी जागा घेते, आणि गरम-थंड जाणवतं त्यामुळे चहा चहासारखा लागतो. माझी ती. तुझ्याबद्दल माझं मत विचारशील तर वर पुढच्या एका दातासाठी सध्या प्लास्टिकची, इम्प्लांट होईपर्यंत. खाली धातूची. डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांना कारण विचार, आणि कारण पटलं तर त्यांचं ऐक, माझं नको.

आता जाशील तेव्हा काय होईल ते ऐक. पहिल्या दिवशी कवळीचं नावही निघणार नाही. दात साफ करतील, कीड भरतील, हिरड्या बघतील. "मी कशाला आले आणि हे काय करतायत" असं वाटेल. बरोबर करतायत. ज्या दातांवर कवळी टांगायची तेच कच्चे असतील तर काय उपयोग. मग माप. गुलाबी किंवा पांढरी पेस्ट ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात, समुद्रशेवाळातून निघणाऱ्या पदार्थाची असते, पुदिन्याचा वास येतो, दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. टाळूचं माप घेताना उमासा येतो. मान थोडी पुढे घे, नाकाने श्वास घे आणि पायाचा अंगठा वर-खाली हलवत बस. हसू नकोस, मला नर्सने सांगितलं होतं आणि उपयोग झाला. उपाशी जाऊ नकोस आणि भरपेट जेवूनही नकोस.

पुढच्या खेपेला धातूचा नुसता सांगाडा घालून बघतात. त्यानंतर रंग. इथे लक्ष दे. दातांच्या नमुन्यांची पट्टी तुझ्या दातांशेजारी धरतील. ते खुर्चीवरच्या दिव्याखाली ठरवू देऊ नकोस, खिडकीशी चल म्हण. लिपस्टिक पुसून जा. आपले दात पांढरेशुभ्र नसतात, पिवळसर झाक असते, सुळा तर जास्तच पिवळा. मला वाटलं, घेतेच आहे तर पांढरा घेऊ या, आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, मग एवढाच एक दात सगळ्यांना दिसेल. तुझ्या लग्नाचा अल्बम इथे आहे का? नसेल तर आईकडून फोटो मागव, हसतानाचा, जवळून काढलेला. तुझ्या त्या समोरच्या दाताचा कोपरा थोडा चढलेला होता, मला आठवतं. तोही तसाच करून घे. सरळसोट दात परका दिसतो.

मग मेणात दात लावून ट्रायल. यावेळी एकटी जाऊ नकोस, खोटं न बोलणारं माणूस बरोबर ने. ती मेणाची असते तोवर सगळं बदलता येतं, प्लास्टिक झाल्यावर नाही. मी येते हवं तर. आणि त्या खुर्चीत बसून बोलून बघ. इंग्रजी नको, मराठी बोल. आपल्या मराठीत एक च चहातला नसून चमच्यातला असतो, ज जाळ्यातला, झ झाडातला. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत. इथले डॉक्टर केरळचे, फिलिपिन्सचे, इजिप्तचे. ते बिचारे त्यांच्या पद्धतीने आकडे मोजायला लावतात. तू "चमचा, चाळ, चूल, जाळं, झाड" म्हण. पट्टी मागे जाड झाली असेल तर तिथे कळेल. मला नाही सुचलं. पहिले पंधरा दिवस माझी चूल शिट्टी वाजवत होती.

ते जातं म्हणा. मी रोज स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून मोठ्याने रामरक्षा म्हणायचे. रामरक्षेत र, स, क्ष भरपूर, जिभेला चांगला व्यायाम. दहा-बारा दिवसांत शिट्टी गेली. सुरुवातीला तोंडाला पाणीही फार सुटतं, तोंड बिचारं त्या पट्टीला खाऊच समजतं. थुंकत बसू नकोस, गिळ. दोन-तीन दिवसांत त्याला कळतं.

खाण्याचं सांगते. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी, बारीक तुकडे, आणि दोन्ही बाजूंनी सारखं चाव. पुढच्या खोट्या दाताने काहीही तोडायचं नाही, सफरचंद नाही, मक्याचं कणीस नाही, खुबूसची रोटीसुद्धा हाताने तोडून मागच्या दातांकडे दे. भाकरी माझी महिन्याने सुरू झाली. आमटीत कुस्करून नाही, तोडून, चावून. त्या दिवशी मी दोन जास्त खाल्ल्या. चिकट पदार्थ मात्र वैरी. मुहर्रकहून आणतो तो बहारिनी हलवा कवळीला असा धरतो की दोघांना वेगळं करायला बाथरूम गाठावं लागतं. खजुराची बी आधी काढून घ्यायची, न बघता चावायचा नाही. खजुराचा आणि दातांचा इथला हिशोब फार जुना आहे हं. संग्रहालयात इथल्या प्राचीन दिलमुन काळातल्या कबरी ठेवल्यात ना, तू मुलांना घेऊन गेली होतीस. बेटावरच्या जुन्या सांगाड्यांचे दात तपासणाऱ्यांना किडलेले आणि जिवंतपणीच गेलेले दात फार सापडले, आणि त्यांचं बोट खजुराकडे गेलं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीही इथे कुणी बाई हसताना तोंडावर हात धरत असेल. तिला बिचारीला पार्शल मिळाली नाही.

आता जे तू विचारणार नाहीस ते. रात्री काढायची का? नवऱ्यासमोर?

काढायची. मी पहिलं वर्षभर काढली नाही. दिवा मालवल्यावर काढायची आणि पहाटे उठून घालायची असंही करून बघितलं, पण एकदा अंधारात हातातून पडली म्हणून तेही सोडलं. मग टाळूला लालभडक चट्टा उठला, जळजळ. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, रात्री घालून झोपता का? मान खाली घालून हो म्हटलं. हिरडीला रात्रीची मोकळी हवा आणि लाळ लागते. त्या रात्री यांना सांगून टाकलं, रडतच. हे शांतपणे म्हणाले, "दोन दिवाळ्या झाल्या तू चकली चहात बुडवून खातेस. मला काय दिसत नाही होय?" दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोअरमधून झाकणाचा निळा डबा घेऊन आले, तोच अजून आहे. तू सांग त्याला. ज्याने तुला बाळंतपणात बघितलंय त्याला दाताचं काय.

आणि लहान कवळी घालून झोपणं, किंवा ऑपरेशनला जाताना ती न सांगणं, हे खरंच धोक्याचं आहे. इंग्लंडमध्ये ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची तीन दातांची कवळी भूल दिलेली असताना घशात अडकली. ते दुखतंय, रक्त येतंय म्हणून दवाखान्यात जात राहिले, आणि ऑपरेशननंतर आठ दिवसांनी ती घशात दिसली. २०१९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच हे वैद्यकीय मासिकात छापलं, इतरांनी शिकावं म्हणून. भूल देणाऱ्याने विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

धुण्याचं सोपं आहे. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्ट नको, ती खरखरीत असते, प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. ब्लीचचं पाणी धातूला चालत नाही. उकळतं पाणी कुठल्याच कवळीला नाही. बेसिनमध्ये अर्धं पाणी भरून किंवा खाली टॉवेल पसरून धू, साबणाने हातातून निसटते आणि संगमरवरावर पडली की संपलं. रात्री पाण्यात ठेव, कोरडी पडली तर आकार बदलते. आणि ऑगस्टमध्ये गाडीत विसरू नकोस, इथली बंद गाडी म्हणजे भट्टी. टिश्यूत गुंडाळून तर कधीच ठेवू नकोस. हॉटेलात वेटर ताटाबरोबर उचलून नेतो. आणि कवळीपेक्षा जास्त जपायचे ते तिला धरणारे दात. आकड्याखाली अन्न अडकतं, कीड तिथेच लागते. ते दोन-तीन दात गेले की ही कवळीही गेली.

घालताना बोटांनी बसव, चावून बसवू नकोस, आकडे वाकतात. वाकलेला आकडा चिमट्याने सरळ करू नकोस, मोडलेल्या दाताला फेव्हिक्विक लावू नकोस. हिरडीला लागत असेल तर काढून ठेव, पण डॉक्टरांकडे जायच्या आधी काही तास घालून जा, नाहीतर कुठे लागतं ते त्यांना दिसत नाही. दर सहा महिन्यांनी दाखव. हाड झिजतं, मग कवळीखाली भर घालून घ्यावी लागते. माझ्यात एकदा घातली आहे. जुफैरमध्ये राहून भर टाकण्याचं नवल काय करायचं!

डॉक्टर कुठला ते तू ठरव, मी नाव घालत नाही. माझं तुला मानवेलच असं नाही. फक्त नॅशनल हेल्थ रेग्युलेटरी ऑथॉरिटीचा परवाना भिंतीवर आहे ना तो बघ, आणि दोन प्रश्न विचार: किती वेळा यावं लागेल, आणि हातात पडल्यावरच्या दुरुस्त्या याच पैशांत आहेत का. "उद्या देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार कर. खर्चाचा आकडा कागदावर लिहून घे, विम्याला पाठव, नाही म्हणतील पण पाठव.

आणि तोवर हात खाली घे गं. पुढच्या महिन्यात मराठी मंडळींचा कार्यक्रम आहे, तू निवेदन करायला नाही म्हणालीस ते मला कळलंय. हसतील त्यांचे दात दिसतील, तुझा एक नाही दिसला तर काय मोठंसं.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला ये, उपमा करते, मऊ. येताना एक्स-रे आण आणि तो लग्नाचा फोटो. पर्समधला लाडू आजच काढ, मुंग्या लागतील. मी तुझ्यासाठी तीळ-गुळाची पूड वेगळी काढून ठेवली आहे.